कांस, गहू आणि नांगरटीची तारीख

ऑगस्ट १९४९ मध्ये जागतिक बँकेने स्वतंत्र भारताला पहिलं कर्ज दिलं, ते रेल्वेसाठी. पुढच्याच महिन्यात दुसरं दिलं, एक कोटी डॉलरचं, आणि त्याचा मुख्य उद्देश होता गवत काढणं. वाचताना गंमत वाटते, पण त्या सप्टेंबरात रुपयाचं अवमूल्यन होऊन डॉलर ३.३१ रुपयांवरून ४.७६ रुपयांवर गेला होता. म्हणजे जवळजवळ पावणेपाच कोटी रुपयांचं परकी कर्ज, तेही नव्या देशाच्या अगदी हातघाईच्या दिवसांत, एका गवतासाठी. त्या गवताचं नाव कांस.

आपल्या मंडळाच्या लेखांत गढ्या, छत्र्या, सनदा आणि घराण्यांच्या वंशावळी पुष्कळ येतात. शेतीचा इतिहास मात्र क्वचित. मी व्यवसायाने यंत्र अभियंता. आयुष्याची बरीच वर्षं जड यंत्रांच्या देखभालीत गेली, त्यामुळे या कर्जाचा उल्लेख पहिल्यांदा वाचला तेव्हा माझं लक्ष अर्थातच ट्रॅक्टरांकडे गेलं. पण जसजसं वाचत गेलो तसतसं वाटू लागलं, की या गोष्टीतला खरा नायक यंत्र नाही, तारीख आहे. गवताळ रान पुन्हा गव्हाखाली आणायचं तर नांगर किती खोल गेला याच्याइतकंच तो कधी गेला याला महत्त्व आहे. आणि माळव्यापासून सागर-बुंदेलखंडापर्यंतच्या काळ्या जमिनीत नेमकी हीच 'कधी'ची अडचण शेकडो वर्षं सुटत नव्हती.

कांस म्हणजे काय

कांस आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. पावसाळा सरता सरता नदीकाठी, रेल्वेच्या बांधावर, पडीक रानात पांढऱ्या तुऱ्यांचं जे उंच गवत डोलतं तेच हे. संस्कृतातला काश. कालिदासाच्या 'ऋतुसंहारा'त शरद ऋतूच्या वर्णनात तो आहेच. उसाचा हा सख्खा नातेवाईक; वनस्पतिशास्त्रात दोघेही 'सॅकरम' या एकाच कुळीचे. दिसायला देखणं, पण शेतकऱ्याला विचाराल तर शिवी हासडेल.

कारण त्याचं सगळं बळ जमिनीखाली आहे. वरचे दांडे कापा, जाळा, गुरांना चारा, त्याला फरक पडत नाही. जमिनीखाली त्याच्या आडव्या, पेरं असलेल्या काशांचं जाळं पसरलेलं असतं, आणि काशांपासून निघालेली मुळं त्याहून कितीतरी खोल जातात. हरळीच्या काशा वेचलेल्या कुणालाही हा प्रकार समजेल. कांस म्हणजे हरळीची आडदांड थोरली बहीण. काशीचा तुकडा पडला आणि त्याला एक जरी पेर असलं, की ओल मिळताच नवीन कोंब येतो.

शेत कसत असलं तर कांस काठावर दबा धरून राहतं. शेत एकदोन वर्षं पडलं की आत शिरतं. त्यामुळे कांसाचा नकाशा हा एक प्रकारे संकटांचा नकाशा आहे. स्लीमनच्या १८४४ सालच्या आठवणींत कांसाने व्यापलेल्या या भागातल्या जमिनींचा उल्लेख आहे. त्याच्या आधीची पेंढाऱ्यांची धामधूम आणि ओस पडलेली गावं माल्कमच्या १८२३ सालच्या माळव्यावरील ग्रंथात येतात. पुढे १८९०च्या दशकात सागर आणि दमोह भागात गव्हावर तांबेरा आला, लागोपाठ पिकं बुडाली, मग १८९६-९७चा दुष्काळ, आणि त्यातून माणसं सावरतात तोवर १८९९-१९००चा. बैल मेले, माणसं गेली, शेतं पडली, आणि पडलेल्या शेतांत कांस माजलं. सागर म्हणजे गोविंदपंत बुंदेल्यांचं, पेशव्यांच्या कारभाराचं ठिकाण. १८१८ मध्ये ते इंग्रजांकडे गेलं, पण तिथल्या मराठी घरांचा जमिनीशी संबंध सुटला नाही. कांसाचा इतिहास म्हणूनच आपल्याला परका नाही.

गव्हाचं पाणी कोण पितं

आता जमिनीकडे आणि गव्हाकडे वळू. या पट्ट्यात वर्षाला साधारण ४० ते ५० इंच पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा मृगापासून हस्तापर्यंत. काळी जमीन पावसाळ्यात इतकी चिकट होते की तिच्यात पाय घालणं मुश्कील. म्हणून जुनी पद्धत अशी, की पावसाळ्यात शेत मोकळं ठेवायचं, उघडीप मिळाली आणि वाफसा आला की वखराच्या पाळ्या घालून तण मारायचं, आणि चित्रा-स्वातीच्या सुमाराला, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत, जमिनीत मुरलेल्या ओलीवर गहू पेरायचा. विहीर नाही, पाट नाही. हिवाळ्यात एखादी सर आली तर देवाची कृपा. काठिया गहू या पद्धतीवर पोसला गेला.

(या भागात वखराला 'बखर' म्हणतात. आपल्या मंडळाच्या सभासदांना बखर म्हटलं की सभासदाची बखर आठवते. इथे लोखंडी पात्याची आठवावी.)

या शेतीचं सगळं भांडवल म्हणजे जमिनीत साठलेलं पाणी. चांगली काळी जमीन एक मीटर खोलीत पिकाला घेता येईल असं १५ ते २० सेंटिमीटर पाणी धरते. कोरडवाहू गव्हाची गरज २० ते २५ सेंटिमीटरच्या घरातली. गव्हाचं मूळ मीटरभराच्याही खाली उतरतं, म्हणून तोंडमिळवणी कशीबशी होते. आता या शेतात कांस उभं आहे असं समजा. सप्टेंबरअखेर पाऊस थांबला, आकाश स्वच्छ झालं, ऊन तापू लागलं. असं दाट उंच गवत दिवसाला चारपाच मिलिमीटर पाणी सहज उडवतं. पाऊस थांबल्यापासून पेरणीपर्यंत चाळीस दिवस धरले, तर ते होतं १६ ते २० सेंटिमीटर. म्हणजे गव्हासाठी ठेवलेला मीटरभर मातीतला साराच साठा.

थोडक्यात, कवीला जो कांसाचा बहर दिसतो तो शेतकऱ्याच्या लेखी घरफोडी आहे. तुरे डोलतात त्याच दिवसांत गव्हाचं पाणी जातं. म्हणून कांसाचं रान ऑक्टोबरात नांगरून नोव्हेंबरात गहू पेरणं निरर्थक. नांगरट उत्तम झाली तरी खाली ओल नसते. रान मोडायचं तर पावसाळ्याच्या आधी मोडायला हवं, म्हणजे अख्ख्या पावसाळ्याचं पाणी गव्हाच्या नावावर जमा होईल.

याला आणखी एक कारण आहे, आणि ते समजून घ्यायला इंदूरचाच संदर्भ उपयोगी पडतो. १९२४ ते १९३१ या काळात सर आल्बर्ट हॉवर्ड इंदूरच्या 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लांट इंडस्ट्री'चे संचालक होते. ही जागा म्हणजे आजचं कृषी महाविद्यालय. त्यांची 'इंदूर पद्धत' जगभर गेली. ती मांडणारं १९३१चं पुस्तक हॉवर्ड आणि यशवंत वाड अशा दोघांच्या नावावर आहे. वाड हे संस्थेच्या रसायन विभागातले प्रमुख सहायक. त्यांचं नाव आपल्याकडे जवळजवळ विसरलं गेलं आहे, आणि त्यांच्यावर कुणीतरी स्वतंत्र लिहायला हवं. या कामाचं एक सूत्र असं, की काडीकचरा कुजायला ऊब, ओल आणि हवा लागते, आणि कुजवणारे जीव त्या वेळी नत्र खातात. काडी जितकी राठ तितकं नत्र जास्त लागतं.

हे सूत्र कांसाच्या रानाला लावून बघा. जमिनीत काशांचा आणि मुळांचा एवढा मोठा राठ साठा आहे. तो पेरणीच्या तोंडावर गाडला, तर थंडीत नीट कुजत नाही, आणि जेवढा कुजतो तेवढा जमिनीतलं नत्र अडवून बसतो. गहू पिवळा पडतो. तोच साठा उन्हाळ्यात मोडून पावसाळ्याच्या उबदार ओलीत चार महिने कुजला, तर पेरणीपर्यंत जमीन पुष्कळशी निवळलेली असते. पाण्याचा हिशेब आणि नत्राचा हिशेब, दोन्ही एकाच तारखेकडे बोट दाखवतात: नांगर मृगाच्या आधी लागला पाहिजे.

तिसरं कारण तर उघडच आहे. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर जातो. त्या उन्हात उलथून पडलेली काशी काही आठवड्यांत वाळून काडी होते. तीच काशी पाऊस पडल्यावर तोडली तर प्रत्येक तुकडा म्हणजे कांड्यांची लागवड. उसाच्या नातेवाइकाकडून दुसरी काय अपेक्षा करायची? पावसानंतर केलेली नांगरट कांस मारत नाही, पेरते.

योग्य वेळ आणि शक्य वेळ

मग शेतकरी उन्हाळ्यात का नांगरत नव्हते? हे ज्ञान त्यांना नव्हतं का? होतं. उन्हाळी नांगरटीचं महत्त्व आपल्या शेतकऱ्याला कुणी परदेशी तज्ज्ञाने येऊन शिकवायला नको होतं. अडचण ज्ञानाची नव्हती, ओढीची होती. इथे मला माझा जुना धंदा उपयोगी पडतो.

ढोबळ हिशेब करू. कांसाच्या काशांच्या मुख्य थराखाली जायचं तर नांगर साधारण एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर खोल हवा. एक फाळ साधारण ३५ सेंटिमीटर रुंदीची माती उलटतो. म्हणजे सुमारे १,००० चौरस सेंटिमीटरचा छेद. वाळून दगड झालेली काळी जमीन फोडायला दर चौरस सेंटिमीटरला जवळजवळ एक किलोची ओढ लागते असं धरा, वर काशांचं जाळं आहेच. म्हणजे एका फाळाला सुमारे १,००० किलोची ओढ. बैलजोडी दिवसभर ओढू शकते ती आपल्या वजनाच्या दहाव्या ते आठव्या हिश्श्याइतकी, म्हणजे ८० ते १०० किलो. दहा-बारा जोड्या एका नांगराला!

त्यातून वेळ कुठली? मे महिना. चारा संपलेला, पाणी आटलेलं, बैलांच्या बरगड्या मोजता येतात असे दिवस. जमीन सर्वांत कडक असते आणि बैल सर्वांत अशक्त असतात, तेव्हाच नांगरटीची योग्य वेळ येते. पाऊस पडला की जमीन मऊ होते, बैल हिरवा चारा खाऊन तरतरीत होतात, नांगर चालू शकतो. पण तोवर योग्य वेळ टळलेली असते. योग्य वेळ आणि शक्य वेळ यांच्यात पावसाची पहिली सर आडवी उभी. कांसाच्या रानाची सगळी गोम इथे आहे.

दख्खनमध्ये या अडचणीवर माणसांनी संघटनेचा तोडगा काढला होता. काळ्या रानातल्या कुंद्यासाठी आणि हरळीसाठी सहा बैली, आठ बैली नांगर चालत. एका घरी एवढे बैल नसत, म्हणून सावड करायची, इर्जिक घालायची. पुढे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर तयार केला, तो माती उलटून टाकणारा होता आणि ओढीचा चांगला उपयोग करून घेणारा होता. बेळगावच्या आपल्या सभासदांना हा इतिहास मुखोद्गत आहे, म्हणून विस्तार करत नाही. पण सागर-विदिशेकडच्या जुन्या कांसापुढे आठ बैलसुद्धा कमीच. आणि तिकडच्या शेतीचं मुख्य अवजार होतं वखर, जे दोनतीन इंच खाली जातं. रोजच्या तणाला ते उत्तम, पण मुरलेल्या कांसाचे फक्त केस कापतं.

ट्रॅक्टरच्या आधीचे मार्ग

म्हणून लोकांनी इतर वाटा शोधल्या, आणि त्या सगळ्या वाटा काळाशी खेळणाऱ्या आहेत.

पहिली वाट बंधीची. जबलपूर-दमोहकडे शेताला मातीचा बांध घालून पावसाळ्यात पाणी कोंडून ठेवायचं आणि पेरणीच्या आधी सोडून द्यायचं. गव्हाला ओल मिळते, आणि दोन-तीन महिने पाण्याखाली राहिलेल्या काशा गुदमरून कुजतात. उन्हाने मारता येत नाही तर पाण्याने मारायचं, आणि तेही बैलांना न जुंपता. पण बांधाला खर्च येतो आणि रान सपाट लागतं. उताराच्या जमिनीवर हा उपाय चालत नाही.

दुसरी वाट थांबण्याची. कांस बारा-पंधरा वर्षं एकाच जागी माजलं की आपोआप क्षीण होतं आणि मग जमीन पुन्हा फोडता येते, असा समज जुन्या गॅझेटियरांत नोंदलेला आहे. ज्याच्याकडे दुसरी जमीन आहे त्यालाच हा उपाय परवडणार. कर्जदार कुळाला पंधरा वर्षं कोण थांबवून घेईल?

तिसरी वाट कागदावरची, आणि ती आपल्या मंडळाच्या परिचयाची आहे: कौल आणि इस्तावा. पडीक जमीन लागवडीला आणणाऱ्या कुळाला मराठी अमदानीत इस्ताव्याने जमीन दिली जाई. पहिल्या वर्षी नाममात्र धारा, मग दरसाल चढत जाऊन काही वर्षांनी पूर्ण. आपण हे कागद वाचतो ते महसुलाचे कागद म्हणून, सरकारची उदारता किंवा गरज म्हणून. मला त्यात जमिनीचं वेळापत्रक दिसतं. पहिल्या वर्षी रान मोडेल पण ओल साठणार नाही; दुसऱ्या वर्षी काशा पुन्हा उगवतील आणि त्या वेचाव्या लागतील; तिसऱ्या वर्षी कुठे पीक धड येईल. ज्या कारकुनांनी इस्ताव्याचे चढते आकडे बसवले त्यांना हे पक्कं माहीत होतं. योग्य वेळी नांगरता येत नाही, म्हणून महिन्यांचं काम वर्षांवर जाणार, आणि त्या वर्षांची किंमत कुणीतरी उचलली पाहिजे. इस्ताव्यात ती अंशतः सरकार उचलत होतं.

१९४७ नंतर

फाळणीत पंजाब आणि सिंधमधली कालव्याखालची गव्हाची मोठी जमीन पाकिस्तानात गेली. बंगालच्या १९४३च्या दुष्काळाची आठवण ताजी होती. परदेशातून धान्य आणण्यात परकी चलन खर्ची पडत होतं. 'अधिक धान्य पिकवा' मोहीम १९४३ पासून सुरूच होती. आता तिला नव्याने जोर आला. नवी जमीन कुठे मिळेल, याचा शोध घेताना मध्य भारतातलं कांसाचं रान डोळ्यांत भरलं. जमीन सुपीक, पाऊस पुरेसा, जंगल तोडायचं नाही. फक्त गवत.

२८ मे १९४८ रोजी ग्वाल्हेर, इंदूर आणि आजूबाजूची संस्थानं मिळून मध्यभारत राज्य झालं. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख आणि यशवंतराव होळकर उपराजप्रमुख. विदिशा, तेव्हाचं भेलसा, ग्वाल्हेर संस्थानातून या राज्यात आलं. शेजारी भोपाळ, पलीकडे सागर. याच टापूत केंद्र सरकारच्या 'सेंट्रल ट्रॅक्टर ऑर्गनायझेशन'ने काम केलं. सुरुवात झाली ती युद्ध संपल्यावर अमेरिकन लष्कराने मागे ठेवलेल्या वापरलेल्या ट्रॅक्टरांवर. मग १९४९च्या कर्जातून नवे आले. चाकांऐवजी साखळीपट्ट्यावर चालणारे, अवजड.

पुन्हा हिशेब मांडतो. असा एक ट्रॅक्टर पाच फाळांचा नांगर ताशी चार किलोमीटरने ओढतो असं धरा. कामाची रुंदी पावणेदोन मीटर. वळणं, थांबे, तेलपाणी वजा जाता तासाला सव्वा एकर. दहा तासांत बारा एकर. गव्हाची कापणी मार्चमध्ये, पाऊस जूनच्या मध्यावर. पडीक रान थोडं आधीपासून हाती घेतलं तर हंगाम फार तर नव्वद-शंभर दिवसांचा. एका यंत्रामागे हजारेक एकर.

हा आकडा कागदावरचा आहे, पण तो एक गोष्ट नीट दाखवतो. कारखान्यात यंत्र एक दिवस बंद पडलं तर एका दिवसाचं उत्पादन बुडतं, आणि ते जादा पाळी लावून भरून काढता येतं. इथे मे महिन्यात एक बेअरिंग गेलं आणि यंत्र आठवडाभर उभं राहिलं, तर ऐंशी-नव्वद एकर वर्षभरासाठी गेले. जुलैमध्ये जादा पाळी लावून उपयोग नाही, कारण जुलैमध्ये तो ट्रॅक्टर पोटापर्यंत रुतेल, आणि न रुतला तरी काशा पेरेल. देखभालीच्या धंद्यातल्या माणसाला या वेळापत्रकाची धास्ती लगेच कळते. सुटे भाग समुद्रापलीकडून येणार, आणि मृग काही कुणासाठी थांबत नाही. दुरुस्ती पावसाळ्यात, नांगरट उन्हाळ्यात, हे चक्र एकदा चुकलं की पूर्ण वर्ष चुकलं.

ट्रॅक्टरने नेमकं काय केलं, हे आता सांगता येईल. त्याने कांसाविषयी नवं ज्ञान आणलं नाही. त्याने योग्य वेळ आणि शक्य वेळ एकत्र आणली. बैलाला जे मेमध्ये जमत नव्हतं ते डिझेलला जमलं. एवढंच, पण हे 'एवढंच' फार मोठं होतं.

नांगरानंतरचं काम

सरकारी हिशेब साधारणपणे नांगरलेल्या एकरांशी थांबतो. शेतकऱ्याचा हिशेब तिथे सुरू होतो. ट्रॅक्टर निघून गेला की मागे राहतात डोक्याएवढी ढेकळं आणि उलथलेल्या काशा. पहिल्या पावसाने ढेकळं विरघळतात. मग प्रत्येक उघडिपीला, वाफसा बघून, वखराची पाळी. जे कोंब वाचले असतील ते कोवळे असतानाच कापायचे, म्हणजे उरलेल्या काशीतला साठा संपत जातो. हे काम बैलांचं आणि हलक्या अवजाराचं. त्यात दोन पावसाळे चालढकल केली तर कांस पुन्हा हजर. म्हणजे मोठ्या यंत्राचं यश त्याच्यामागून फिरणाऱ्या साध्या वखरावर अवलंबून होतं. ज्याच्याकडे बैलजोडी नाही अशा कुळाची जमीन फुकट नांगरून दिली असती तरी ती त्याच्याकडे टिकली नसती. आणि ती फुकट नव्हतीच. नांगरटीचा एकरी खर्च शेतकऱ्याकडून वसूल करायचा होता. इस्ताव्यात पहिल्या वर्षांचा भार सरकार सोसत होतं. इथे पहिल्या पिकाआधीच शेतकऱ्याच्या डोक्यावर देणं बसत होतं. दोन राजवटींच्या स्वभावातला हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

आणखी एक बाजू आहे. सगळं गवताळ रान म्हणजे वाया गेलेली जमीन, असं मानण्याची सवय आपल्याला महसूल खात्याने लावली. संस्थानी काळात घोडदळासाठी, पागांसाठी राखीव कुरणं असत. गावाची गुरं पडीक रानावर जगत. कांस राठ झालं की गुरं तोंड लावत नाहीत, पण कोवळं असताना खातात, आणि त्याच्या दांड्यांनी घरं शाकारली जात. रान नांगराखाली गेलं तेव्हा गव्हाचे एकर वाढले आणि चराई तेवढीच आखडली. शिवाय उघडी काळी जमीन पावसाळ्यात वाहून जाते. मुळांचं जे जाळं शेतकऱ्याला छळत होतं, तेच माती धरून ठेवत होतं.

पुढे १९७० नंतर माळव्यात सोयाबीन आलं आणि पावसाळ्यात शेत मोकळं ठेवण्याची पद्धतच मोडली. विहिरी आणि नलिका-कूप झाले, गहू ओलिताखाली गेला. छोटे ट्रॅक्टर घरोघरी आले. कांस बांधावर, ओढ्याकाठी आणि रेल्वेच्या कडेला सरकलं. आजचा तरुण शेतकरी कांसाच्या भीतीने झोपत नाही असं होत नाही. पण ज्या वेळापत्रकावर त्याच्या आजोबांची शेती चालली, ते वेळापत्रकही त्याबरोबर विस्मृतीत चाललं आहे.

सातासमुद्रापार तीच तारीख

हा प्रश्न केवळ आपल्या काळ्या जमिनीचा नाही. अमेरिकेत डिसेंबर १९८५ मध्ये झालेल्या शेतीविषयक कायद्याने धूप होणारी शेतजमीन दहा ते पंधरा वर्षांच्या कराराने गवताखाली ठेवण्याची योजना आली. शेतकऱ्याला त्याचं वार्षिक भाडं मिळतं. कॅन्सस, पूर्व कोलोरॅडो अशा कोरडवाहू गव्हाच्या प्रदेशांत लाखो एकर असे गवताखाली गेले. करार संपल्यावर ज्यांना पुन्हा गहू पेरायचा होता त्यांच्यापुढे कांसाच्या शेतकऱ्याचाच प्रश्न उभा राहिला. गवताने खोलवरची ओल पिऊन टाकलेली. करार संपतो ३० सप्टेंबरला, आणि हिवाळी गव्हाची पेरणीही त्याच सुमाराला. करार संपायची वाट पाहिली तर जमीन कोरडी, मुळं अर्धवट, नत्र अडकलेलं. गवत आधीच्या उन्हाळ्यातच मोडायला हवं, म्हणजे मधल्या पावसाचं पाणी जमिनीत राहील. म्हणून शेवटच्या वर्षी करार चालू असतानाच काही अटींवर गवत मारण्याची मुभा द्यावी लागली.

तिथे बैलांचा अशक्तपणा आडवा येत नव्हता, कराराचं कलम येत होतं. अडथळा वेगळा, पण पेच तोच: योग्य वेळ एकीकडे, शक्य वेळ दुसरीकडे. तो पेच त्यांनी नियमातली तारीख मागे ओढून सोडवला, आपल्याकडे ट्रॅक्टरने सोडवला, आणि त्याआधी इस्ताव्याने सोसला.

म्हणून मंडळाच्या सभासदांना एक विनंती. तुमच्यापैकी अनेकांच्या घरी जहागिरीचे, मालगुजारीचे, कमाविशीचे जुने दफ्तर आहे. ते चाळताना आपण नावं, रकमा आणि शिक्के पाहतो. आता तारखाही पाहा. कौल कोणत्या महिन्यात दिला, नांगरासाठी तगाई कधी वाटली, बैल कधी खरेदी झाले, पहिला धारा कोणत्या साली पूर्ण झाला. कौल वैशाखाच्या आधी दिला असेल तर देणाऱ्याला जमीन कळत होती. आषाढात दिला असेल तर त्या कुळाच्या पहिल्या वर्षाचं काय झालं असेल, हे आता तुम्हाला कागदावर लिहिलेलं नसलं तरी वाचता येईल.